थोपटमावशींची वही

थोपटमावशींना एक खरं नाव होतं. ते नोकरीच्या कागदांवर होतं, दवाखान्याच्या केसपेपरवर होतं आणि नवरा फारच चिडला तर त्याच्या तोंडून बाहेर पडायचं. एरवी बावीस वर्षं त्या थोपटमावशीच होत्या. हे नाव ठेवलं एका तीन वर्षांच्या मुलाने. आई न्यायला आली तेव्हा त्याने पाळणाघरातल्या दोघी बायकांची ओळख करून दिली होती, "ही भरवमावशी, आणि ही थोपटमावशी." भरवमावशी पुढे गुडघे धरून घरी बसली. तिच्या जागी जी आली तिला सगळे 'नवी' म्हणायला लागले. ती नऊ वर्षं झाली तरी नवीच होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले, तिच्या मुलीला मूल झालं, तरी नवीच.

पाळणाघरातल्या लहान खोलीत, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खोलीत, बारा मुलं होती. साडेबाराला जेवणं उरकली की गाद्या अंथरल्या जायच्या, पडदे ओढले जायचे आणि मावशींचं खरं काम सुरू व्हायचं. झोप प्रत्येक मुलात वेगळ्या दाराने शिरते, असं मावशींचं म्हणणं. कुणाच्या पाठीतून, कुणाच्या कपाळावरून, कुणाच्या कानामागून. ते दार सापडेपर्यंत मूल आणि बाई दोघंही रडकुंडीला येतात. एकदा सापडलं की ते लिहून ठेवायचं, कारण उद्या आपण आजारी पडलो तर दुसऱ्या बाईने त्या लेकरावर प्रयोग करत बसू नये.

म्हणून वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे मऊ झालेली. तिच्यात असं काही लिहिलेलं असायचं:

'ढब्बू. पालथा. कमरेवर जोरात, दार ठोठावल्यासारखं. हळू केलं तर चिडतो.'

'जुळ्यांतली मोठी. थोपटायचं नाही. नुसता हात ठेवायचा. हात उचलला की जागी.'

'गुंडाळी. चादर डोक्यावरून घेऊन वळकटी होते. होऊ द्यावी. डावा तळपाय बाहेर ठेवते, त्यावर दोन बोटांनी, अगदी हळू. शेवटी एक मोठा सुस्कारा. तो आला की झोपली.'

मागच्या पानांवर रोजची तारीख आणि प्रत्येक मुलापुढे कुणी निजवलं ते. 'मी' किंवा 'नवी'. किती मिनिटं लागली तेही.

मावशींच्या स्वतःच्या मुलीने लग्न होऊन जाताना विचारलं होतं, "आई, मला कशी थोपटायचीस गं तू?" मावशी गडबडल्या. खरं उत्तर असं होतं, की दिवसभर बारा लेकरं निजवून घरी आल्यावर मुलीच्या अंगावर हात ठेवायच्या आणि तिच्याआधी आपणच घोरायच्या. "पाठीवर," त्यांनी ठोकून दिलं. मुलगी हसली, म्हणाली, "खोटं." त्यावर दोघी रडल्या, पण लग्नघरात सगळेच रडत असल्याने ते खपून गेलं.

वहीसारखीच दुसरी एक रीत होती. खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत, मुलं कुठूनही कुठे हलवली की मोजायची, आणि ती दोघींनी मोजायची. रांगेच्या पुढून मावशी, मागून नवी. डोक्यावर हात ठेवत ठेवत. मग मावशी ओरडायच्या, "किती?" नवी आकडा सांगायची. दोघींचा आकडा जुळला तरच दार ओढून घ्यायचं. ज्यांनी पाळणाघर काढलं त्या बाईंनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "एकटीने कधी मोजू नका. एकट्या माणसाला जो आकडा हवा असतो तोच येतो."

या बाईंनी आपल्याच घराच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवलं. वय झालं, दम लागायला लागला, तेव्हा त्यांनी ते एका कंपनीला विकलं. कंपनीची अशी सत्तरेक केंद्रं होती. शेवटच्या दिवशी बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माणसं बरी वाटली गं. चकचकीत आहेत, पण बोलली नीट."

चकचकीत तर होतीच. महिन्याभरात भिंतीवर इंद्रधनुष्य आलं. मोरीची कडी मात्र तुटकी ती तुटकीच राहिली. सगळ्या मुलांना एकसारखे पिवळे डगले आले, फोटोत छान दिसतात म्हणून. मावशींचा नवरा शिंपी. पाळणाघरातल्या छोट्या चादरी आजवर तोच शिवायचा, प्रत्येक मुलाची वेगळ्या ठिगळाची. त्या बंद झाल्या. "माझ्या ठिगळांनी त्यांचं इंद्रधनुष्य बिघडतं," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. वही नको, आता टॅबवर नोंद करायची, असं सांगण्यात आलं. टॅबमध्ये झोपेसाठी दोनच चौकोन होते, 'झोपले' आणि 'झोपले नाही'. मावशी टॅबवर बोट टेकवायच्या आणि वही पिशवीत घालून घरी न्यायच्या. उगाच कुणाच्या डोळ्यांत नको.

आणि व्हॅन आली.

तीन वर्षांच्या आतल्या सहा मुलांमागे एक बाई, असा कायदा होता. कंपनीच्या शहरातल्या केंद्रांमध्ये मिळून जितक्या बाया लागत, तितक्या नव्हत्या. पण सरकारी तपासणी कचेरी दोन दिवस आधी कळवून यायची, आणि एका दिवशी एकाच केंद्रावर यायची. मग त्या दिवशी पांढरी व्हॅन केंद्राकेंद्रावर फिरायची, एकेक बाई उचलायची आणि जिथे तपासणी तिथे नेऊन उभी करायची. तिथल्या रंगाचा एप्रन गाडीतच चढवायचा. मोजायला आलेल्यांना बाया पुऱ्या भरायच्या. ज्या खोलीतून बाई उचलली तिथली मुलं तेवढा दिवस एकीच्या भरवशावर.

मावशी त्या व्हॅनमध्ये बसल्या होत्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मदतीला नेतायत. दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी केंद्रप्रमुखाला विचारलं. ही तिशीतली मुलगी, गळ्यात कायम ओळखपत्र, म्हणून मुलं तिला कार्डवाली ताई म्हणायची. "ताई, हे बरोबर आहे का हो?" कार्डवाली ताईने नख कुरतडलं. "मावशी, मला वरून फोन येतो. मी तरी काय करू?" तेव्हा मावशी गप्प बसल्या. हे त्यांना पुढे फार दिवस खात राहिलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी व्हॅन नवीला घेऊन गेली होती.

दुपारी अडीचला मुलं उठली. जुळी एकदमच रडायला लागली. ढब्बूने शू केलेली, त्याला बदलायचं होतं. एकाच्या नाकातून रक्त यायला लागलं, थोडंसंच, पण ते पाहून बाकीचे घाबरले. मावशी त्याचं नाक दाबून धरत, कडेवर एक, पदराला एक, अशा दाराशी आल्या. रांग लागली. त्यांनी डोक्यांवर हात ठेवत मोजलं. बारा. सवयीने ओरडल्या, "किती?" मागून उत्तर आलं नाही. मागे कुणी नव्हतंच.

टॅबवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे बोट टेकवायचं असतं. मावशींच्या एका हातात नाक होतं. त्यांनी 'सर्व हजर' दाबलं, दार ओढून घेतलं आणि मुलं अंगणात नेली.

रांगेत बारावा जो होता तो शेजारच्या मोठ्या मुलांच्या खोलीतला, सगळ्यात बुटका मुलगा होता. रडारड बघायला आला, रांगेत घुसला आणि अंगणात पोचताच आपल्या खोलीकडे पळाला. पूर्वी प्रत्येकाचा आपापला सदरा असता तर मावशींनी त्याला ओळखून, कानाला धरून बाजूला काढलं असतं. पण पिवळ्या डगल्यात पाठमोरं सगळं सारखंच. आणि गुंडाळी, अडीच वर्षांची, भिंतीशी रचलेल्या जादा गाद्यांच्या मागे चादरीची वळकटी होऊन झोपलेली होती.

चाळीस मिनिटांनी तिचे बाबा लवकर न्यायला आले. अंगणात ती दिसेना. मावशी धावतच सुटल्या. पडदे ओढलेल्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला गुंडाळी उभी होती. चादर खांद्यावरून लोंबत होती. कंपनीने नवीन बसवलेल्या जाड दारातून तिचं रडणं बाहेर पोहोचलं नव्हतं. आवाज पार बसला होता. तोंड उघडत होतं, पण त्यातून नुसती हवा येत होती. बाबांनी उचललं तरी ती मावशींकडे हात करत राहिली. बाबांनी पाठ फिरवली आणि गेले. मावशी त्या दारात कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग अंगणात अकरा मुलं एकटी आहेत हे आठवलं, आणि वळल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसातून एक साहेब आले. गुळगुळीत दाढी, गळ्यात टाय. कार्डवाली ताई कोपऱ्यात उभी. टायवाल्या साहेबांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग एक छापील कागद पुढे केला.

"वाचून घ्या, मावशी. घाई नाही."

कागदावर लिहिलं होतं की माझ्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे एक बालक खोलीत राहिलं, कंपनीची व्यवस्था परिपूर्ण असताना मी तिचं पालन केलं नाही, आणि या चुकीला मी एकटी जबाबदार आहे.

मावशींनी दोनदा वाचलं. "यात नवीला व्हॅनमधून नेली ते कुठे आहे?"

"तो वेगळा विषय आहे."

"वेगळा कसा हो? ती असती तर मागून मोजलं असतं."

"तुम्ही 'सर्व हजर' दाबलंत की नाही?"

"दाबलं."

"मग झालं तर." साहेबांचा आवाज अजूनही दह्यासारखा घट्ट नि थंड. "हे बघा, कंपनी माणसं जपते. सही केलीत तर काही महिने घरी बसा, मग दुसऱ्या केंद्रात घेऊ. नाहीतर प्रकरण कचेरीत जाईल. तिथे तुमच्यावर शिक्का बसला की कुठलंच पाळणाघर तुम्हाला दारात उभं करणार नाही. आठवडाभर विचार करा."

मावशी घरी आल्या. शिंपी कापडावर खडूने रेघ मारत होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि खडू ठेवून दिला. त्या सगळं बोलल्या. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "चूक तर माझीच आहे हो. दार मी ओढलं."

"आहेच तुझी," शिंपी म्हणाला.

मावशींनी चमकून पाहिलं.

"अगं, म्हणजे काय, तुझी आहेच. मी कधी नाही म्हटलं? पण त्या कागदावर 'एकटी' लिहिलंय. मी तीस वर्षं कपडे शिवतोय. बाही आखूड झाली तर माझी चूक. पण गिऱ्हाइकाने कापडच कमी दिलं आणि वर लिहून मागितलं की शिंपी चोर आहे, तर मी देईन होय?"

"सही केली तर परत मुलांत जाता येईल."

"आणि नाही केली तर?"

"तर नाही. मला दुसरं काही येत नाही हो."

शिंप्याने उठून चहा ठेवला. त्याला चहा चांगला जमत नसे, हे दोघांनाही माहीत होतं. मावशींनी तो पूर्ण प्यायला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. गुंडाळीची आई. मावशींनी तिला कायम घाईत पाहिलेलं, एका खांद्याला ऑफिसची बॅग, दुसऱ्याला मुलीची. आज तिच्याजवळ नुसता एक कागद होता.

"तुम्ही एवढं लिहून दिलंत आणि मला भेटायला नाही आलात?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "बावीस वर्षं म्हणे! मी माझ्या आईपेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला, मावशी."

"मी काही लिहून दिलं नाही."

"हे काय मग?"

कंपनीने सगळ्या पालकांना पत्र पाठवलं होतं. संबंधित कर्मचारी महिलेने आपली चूक लेखी मान्य केली असून तिला कामावरून दूर करण्यात आले आहे, केंद्राची व्यवस्था पूर्ववत सुरक्षित आहे. मावशींनी ते तारखेपासून पुन्हा वाचलं. आठवडा देतो म्हणाले होते. पत्रावरची तारीख साहेब पाणी देत होते त्याच दिवसाची होती.

"आत या," शिंपी म्हणाला. "ओरडायचं असेल तर बसून ओरडा. उभ्याने दम लागतो."

ती बसली. मावशींनी तिला सगळं सांगितलं. दार आपण ओढलं हे आधी, व्हॅन नंतर. आपणही व्हॅनमध्ये बसलो होतो, हेही. आई ऐकत गेली. तिचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा पांढरा. शेवटी ती म्हणाली, "तुमच्यावर रागवायलाच आले होते. अजूनही रागावलेलीच आहे."

"रागवा ना. बरोबर आहे."

"ती झोपत नाही, मावशी." आईचा आवाज फाटला. "डोळे मिटले की दचकते. चार दिवस आम्ही दोघं आळीपाळीने कडेवर घेऊन फिरतोय. पाठ थोपटली तर हात ढकलते. काय करू मी?"

मावशी उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली, वही काढली. गुंडाळीचं पान उघडून आईपुढे ठेवलं. आईने वाचलं. 'डावा तळपाय बाहेर ठेवते.' तिने परत वाचलं. "मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "रात्री ती आधीच पेंगुळलेली असते. मला वाटायचं, आपोआप झोपते."

"दोन बोटांनी. घाई करायची नाही. चादर डोक्यावर घेईल, तर घाबरू नका, घेऊ द्या, नाकाशी फट ठेवा. सुस्कारा सोडते शेवटी. तो येईपर्यंत थांबायचं."

आई पानं उलटत मागे गेली. रोजच्या तारखा. मी, नवी, मी, मी. मग एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. "हे काय? 'व्हॅन'?"

"त्या दिवशी मी नव्हते. दुसऱ्या केंद्रावर होते. म्हणून माझ्या जागी 'व्हॅन' लिहिलंय. नवी गेली तर 'नवी व्हॅन'. मुलं त्या दिवशी नीट झोपत नाहीत ना, मग कारण लिहायला नको का?"

आई सरळ झाली. ती आपल्या ऑफिसात कागदपत्रं तपासायचं काम करायची. तिची नजर बदलली. "मावशी, आणि त्या दिवशी टॅबवर तुमची हजेरी कुठे लागली?"

"आपल्याच केंद्रात. ताई लावायच्या."

"म्हणजे टॅबवर तुम्ही इथे, आणि तपासणीच्या कागदावर तिथे." तिने वही मिटली नाही. "ही वही तुम्ही तपासणी कचेरीत दाखवाल?"

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मशीनच्या चाकावर हात ठेवून बसला होता. "मी दाखवली तर माझंही खोटं निघेल," त्या म्हणाल्या. "एका तपासणीत मला विचारलं होतं, इथे किती वर्षं आहात. मी म्हटलं, चार."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मावशी म्हणाल्या, "सुस्कारा आला की मला फोन करा हं. कितीही वाजलेले असू देत."

फोन आला. आई काही बोललीच नाही. फोन तिने मुलीजवळ धरला होता. सुस्कारा एवढा मोठा होता की शिंप्यालाही ऐकू गेला.

टायवाल्या साहेबांचा आठवडा भरला त्या दिवशी मावशींनी तो कागद सही न करताच परत नेऊन दिला, आणि त्याच पावली गुंडाळीच्या आईबरोबर तपासणी कचेरीत अर्ज दिला.

सुनावणी एका अरुंद खोलीत झाली. काच टाकलेलं टेबल, काचेखाली जुनी कॅलेंडरं, कुरकुरणारा पंखा. एका बाजूला टायवाले साहेब आणि कार्डवाली ताई, दुसऱ्या बाजूला गुंडाळीची आई आणि मावशी. टेबलामागे तपासणीबाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मावशींकडे पाहिलं, चष्मा लावला, पुन्हा पाहिलं.

"आपण भेटलोय का कधी?"

टायवाले साहेब कागदांवरून मान वर न करता किंचित हसले. इथे मावशी 'नाही' म्हणू शकत होत्या. तपासणीबाई वर्षाला शंभर बाया बघत असतील.

"भेटलोय," मावशी म्हणाल्या. "पुलापलीकडच्या केंद्रात. तुम्ही विचारलंत, किती वर्षं आहात इथे. मी म्हटलं, चार. बाई, त्या दिवशी मी तिथे पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. मोरी कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

पंखा कुरकुरला. साहेब म्हणाले, "मॅडम, हे विषयाला सोडून आहे."

"तुमच्या मांडीवर एक बाळ होतं," तपासणीबाई हळूच म्हणाल्या. "सारखं रडत होतं. मी विचारलं होतं, दात येतायत का."

"मी हो म्हटलं. दात नव्हते येत. त्याला मी माहीत नव्हते."

मावशींनी वही टेबलावर ठेवली. तपासणीबाईंनी पानं उलटायला सुरुवात केली आणि मग मान वर केलीच नाही. अकरा महिन्यांत एकतीस ठिकाणी 'व्हॅन' होतं. त्यांनी शिपायाला सांगून कपाटातून तपासणीचे जुने अहवाल मागवले. एकेक तारीख जुळवत गेल्या. प्रत्येक तारखेला कुठल्या ना कुठल्या केंद्राच्या कागदावर मावशींची नाहीतर नवीची सही होती, आणि कंपनीच्या टॅबवर त्याच तारखांना दोघी आपल्याच खोलीत हजर.

"मॅडम," साहेब म्हणाले, "ही एक घरगुती वही आहे. कुणीही काहीही लिहील."

तपासणीबाईंनी मधलंच पान काढून मोठ्याने वाचलं. "'जुळ्यांतली मोठी. थोपटायचं नाही. नुसता हात ठेवायचा. हात उचलला की जागी.' साहेब, हे खोटं कोण लिहील? आणि कशाला?"

"झालेली चूक एका व्यक्तीची आहे. दार तिने ओढलं. कंपनी काही त्या खोलीत नव्हती."

"तेच तर," तपासणीबाई म्हणाल्या. "त्या खोलीत तुम्ही असायला हवं होतं. म्हणजे तुमची दुसरी बाई. ती कुठे होती?"

साहेबांनी कार्डवाल्या ताईकडे पाहिलं. ताईने गळ्यातलं ओळखपत्र चाळवलं. मग तिने ते काढलं आणि टेबलावर ठेवलं, तसंच, उपडं. "व्हॅनमध्ये," ती म्हणाली. "हजेरी मी लावली. फोन मुख्य ऑफिसातून आला होता. प्रत्येक वेळी येतो. फोनवर नोंद आहे." बोलून झाल्यावर तिने नख तोंडाजवळ नेलं आणि न कुरतडताच हात खाली घेतला.

निकाल तीन आठवड्यांनी आला, दोन पाकिटांत. जाड पाकीट कंपनीच्या मालकांच्या नावाने. केंद्राच्या नाही, प्रमुखाच्या नाही, मालकांच्या. शहरातल्या त्यांच्या सगळ्या केंद्रांत बाया पुऱ्या होईपर्यंत नवीन मूल घ्यायचं नाही. प्रत्येक खोलीच्या दारावर तिथल्या बायांची नावं, आणि ती नावं खरी आहेत म्हणून दर महिन्याला मालकाची स्वतःची सही. पालकांना दुसरं पत्र, पहिलं खोटं होतं असं सांगणारं. आणि कचेरी यापुढे कळवून येणार नाही. ही शेवटची ओळ तपासणीबाईंनी स्वतःसाठीच लिहिली होती.

पातळ पाकीट मावशींचं. तपासणीत खोटं सांगितल्याबद्दल चार महिने लहान मुलांमध्ये काम करायला मनाई. त्यानंतर मोकळीक.

गुंडाळीची आई फोनवर तणतणली. "हा कुठला न्याय! तुम्ही खरं बोललात म्हणून तर सगळं बाहेर आलं!"

"खोटं पण मीच बोलले होते ना," मावशी म्हणाल्या. "चार वर्षं म्हटलं, चार महिने मिळाले. स्वस्तात सुटले."

चार महिने. मावशींना दुपारचं काय करायचं कळेना. साडेबारा झाले की हात शिवशिवायचे. शिंप्याच्या शेजारी स्टुलावर बसून त्या काजं करायच्या, बटणं लावायच्या, आणि त्याच्या कामातल्या चुका काढायच्या. तो म्हणायचा, "तुझी शिक्षा आहे की माझी?"

एके दिवशी पाऊण वाजता फोन वाजला. नवीचा. मागून आकांत ऐकू येत होता.

"मावशी, एक नवीन बाई दिलीय, चांगली आहे, पण आम्ही दोघी टेकीला आलोय. वही तर कचेरीत अडकलीय! ढब्बूला काय करायचं सांगा आधी, तो मला चावला."

"तू हळू थोपटत असशील. जोरात. दार ठोठावल्यासारखं. कमरेवर."

"हां... हां, पडला गप. जुळ्यांतली मोठी?"

"नुसता हात. उचलू नकोस."

"मग मी उठू कशी?"

"तू नको उठूस, त्या नवीन बाईला धाड पुढच्याकडे."

"तिला आम्ही 'आणखी नवी' म्हणतो," नवी कुजबुजली.

एकेक करत मावशींनी सगळी खोली निजवली. वहीशिवाय, डोळे मिटून, कुठलं पान कुठल्या पानानंतर येतं ते आठवत. आकांत कमी होत गेला, नुसती मुसमुस राहिली, मग तीही गेली.

"आज किती आहेत गं?" मावशींनी विचारलं.

"अकरा. पुढून अकरा, मागून अकरा. आता रोज दोघी मोजतो. गुंडाळीची आई म्हणते, मावशी येतील त्या दिवशी आणून सोडीन, त्याआधी नाही." नवीने आवाज आणखी खाली आणला. "कानाला किती छान वाटतं हो, सगळी झोपली की. ठेवू?"

"ठेव."

मावशींनी फोन खाली ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरा हात इतका वेळ शिंप्याच्या पाठीवर होता. बोलता बोलता त्या थोपटत राहिल्या होत्या. तो मशीनवर डोकं टेकून गाढ झोपला होता. तोंड थोडं उघडं, बोटांत अजून सुई. त्यांनी सुई काढून सुया-टाचण्यांच्या गोळ्यात खोचली. हात उचलला, तर तो लगेच चाळवला, भुवया आकसल्या. परत ठेवला, तर शांत.

तीस वर्षं संसार झाला, आणि हे आज कळलं.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हाका मारत होतं, शर्टाला बटणं लावायची राहिली होती, गिऱ्हाईक चारला येणार होतं. मावशी हलल्या नाहीत. मनातल्या मनात त्यांनी नवीन वहीचं पहिलं पान उघडलं, आणि तसाच हात ठेवून बसून राहिल्या.